पाऊण इंच कमी

आमच्या चिंचवडच्या कारखान्यात एक रशियन अंतराळवीर भेट देणार असं ठरलं, तेव्हा मी तपासणी खात्यात होतो. स्वागताला बारा कामगारांची रांग उभी करायची होती. फोटोत रांग एकसारखी दिसली पाहिजे, म्हणून पाच फूट चार इंचांच्या आतला एकही माणूस नको, असा साहेबांचा हुकूम. मोजमापाचं काम म्हणून ते माझ्याकडे आलं.

रशियन लेथवर एक टर्नर होता, चाकणकडच्या खेड्यातला. तरुणपणी विमानदलात भरती व्हायला गेला होता. डोळे पास, छाती पास, उंचीत परत पाठवला. आता गेली तीन वर्षं दर रविवारी पुण्याच्या वर्गाला जाऊन तो रशियन शिकत होता. लेथची पुस्तिका वाचायला, असं सांगायचा. पण पाहुण्यांची सगळी कारकीर्द त्याला तोंडपाठ होती.

"आधी लढाऊ इमानं चालवली," जेवणाच्या सुट्टीत तो सांगे, "मग एवढ्या वैमानिकांतनं ह्योच निवडला. का? तर यान बारकं. उंच गडी मावतच न्हाईत त्यात. त्यो माज्याच मापाचा हाय."

"मग तुला डब्यात भरून पाठवू की, भावा. भाकरीखाली," शेजारचा कुणीतरी म्हणे.

तपासणी खोलीच्या दारावर मी खडूने रेघ मारली. तयार मालाला करायचो तशीच खूण माणसांना केली. पास झाला की पाठीवर पांढरी, नापास झाला की लाल. सगळ्यांना बूट काढायला लावले. त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. लोक हसले. पाच फूट सव्वातीन इंच. मी दोनदा मोजलं.

"दादा, पाऊण इंच," तो हळूच म्हणाला. "मला फोटो नको. मागं कुटंबी उभं करा. चार वाक्यं बोलायचीत त्यांच्याशी. तुमी लिवाल ते सायेब मानत्यात."

"मागे रांगच नाही," मी म्हणालो आणि लाल खडू उचलला.

"रिजेक्ट! भंगारात टाका, राव!" मागून कुणीतरी ओरडलं. ती खूण पाठीवर घेऊनच तो मशिनवर गेला.

पाहुणे आले. खरोखरच ठेंगणे होते; आमच्या बाराही जणांना वाकून त्यांच्याशी हात मिळवावा लागला. रांगेच्या शेवटी ते थांबले आणि काही तरी बोलले. दुभाषी म्हणाला, "यांच्यापैकी कुणाला रशियन येतं का, विचारताहेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. यादी माझ्या हातात होती. वीस पावलांवर तो लेथपाशी उभा होता. दुभाष्याच्या आधीच त्याला प्रश्न कळला होता, कारण त्याचा हात अर्धा वर आलेला मला दिसला. फोरमनने त्याच्यावर डोळे वटारले.

"या बाराजणांपैकी कुणालाच नाही, साहेब," मी म्हणालो. ते खरं होतं.

पाहुण्यांनी मान हलवली आणि ते पुढच्या विभागाकडे वळले.

त्या रविवारी तो पुण्याला गेला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. वर्ग का सोडलास, असं मी बसमध्ये विचारलं.

"कशाला जाऊ?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "त्यांनी येकच प्रश्न इचारला. त्याचं उत्तर तुमी दिलं न्हवं का?"