नीट आवाज फाडून मिळेल

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात रेडिओ साठत नाहीत, किस्से साठतात. रेडिओ बरा झाला की गिऱ्हाईक तो काखेत मारून घरी जातं. किस्सा मात्र बाकावरच राहतो आणि दुसऱ्या दिवशी बसायला येणाऱ्याला थोडं सरकून बसावं लागतं. लोणावळ्याच्या बाजारात नानांचं असं दुकान होतं. मी भौतिकशास्त्रातला डॉक्टर. पुण्याला कॉलेजात शिकवायचो आणि परतीच्या गाडीतून उतरलो की आधी नानांच्या बाकावर बसायचो. नाना सातवी पास. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असावं. नक्की सांगत नाही, कारण मी नक्की असं फारसं काही सांगतच नाही. पण एका डब्याचे किस्से मला ओळीनं आठवतात.

*

डबा आणला सदूनं. सदू जवळच्याच औंढे गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये हेल्पर आणि आमच्या गावच्या ऑर्केस्ट्रात गिटारवाला. मुंबईच्या एका वादकाकडून त्यानं हा डबा जुना घेतला होता. विटेएवढा, पत्र्याचा, वर पायानं दाबायचं बटण. गिटारची वायर एका बाजूनं आत जाते, दुसऱ्या बाजूनं निघून अ‍ॅम्प्लिफायरला. बटण दाबलं की गिटारचा आवाज करवतीसारखा निघायला हवा. याच्यातून नुसती खरखर येऊन आवाज मरत होता.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. पुण्याच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राचे मालक ऐकायला येणार होते. त्यांना या नव्या आवाजात वाजवणारा गिटारवाला हवा होता. सदूच्या हातात तीन आठवडे होते.

नानांनी डबा उलटसुलट करून पाहिला. "म्हणजे आवाज फाटतोय, अशी तक्रार नाही?"

"न्हाई. फाटत न्हाई, अशी तक्रार हाय."

नानांनी चष्मा काढून ठेवला. "तीस वर्षं लोकांचे फाटके आवाज नीट करतोय. आणि हा म्हणतो, नीट आवाज फाडून द्या!"

*

डबा उघडल्यावर मी पुढे सरसावलो. माझा प्रबंधच ट्रान्झिस्टरवर होता. आत पाहतो तर बॅटरीचा प्लस चक्क डब्याच्या बॉडीला जोडलेला. आधीच्या कुणा अडाण्यानं बॅटरी उलटी लावली आहे, हे मी दोघांना शांतपणे समजावून सांगितलं. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिलं. मी वायरी अदलाबदल करून बटण दाबलं. थोडा जळका वास आला. मग खरखरही थांबली.

जुन्या ट्रान्झिस्टरांच्या एका जातीत प्लसच बॉडीला लागतो. ही गोष्ट माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्याच प्रकरणात होती, आणि ते प्रकरण मी स्वतः लिहिलं होतं.

नाना म्हणाले, "चला, खरखर गेली. अर्धं काम झालं."

*

जळाला तसला ट्रान्झिस्टर लोणावळ्यात मिळेना. नानांनी खिशातला स्वतःचा छोटा रेडिओ काढला, त्याचं पोट उघडलं आणि आतला ट्रान्झिस्टर सदूच्या डब्यात बसवला. त्या रेडिओवर ते क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत. मॅच चालू होती.

मला इतकं अपराधी वाटलं की दोन दिवस घरी बसून मी सगळं गणित मांडलं. कुठला रेझिस्टर किती ओहमचा, ते चार फुलस्केप कागदांवर. तसे बसवले. सदूनं तार छेडली, बटण दाबलं. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ, गोल, मोठा सूर निघाला. मी आयुष्यात केलेली ती सर्वात निर्दोष गोष्ट असावी.

सदूचा चेहरा पडला. "सर," तो म्हणाला, "तुमी तर ह्याला शाळंत घातला."

*

मग नानांनी माझे कागद चहाच्या ग्लासाखाली ठेवले आणि सदूला वाजवत राहायला सांगितलं. तो वाजवतोय, हे डोळे मिटून एकामागून एक रेझिस्टर लावून बघतायत. तासाभरात आवाज असा फाटला की सदू उभा राहून वाजवायला लागला.

पण नानांचा एक नियम होता. दुरुस्त झालेला सेट फळीवर दिवसभर बोलल्याशिवाय दुकानाबाहेर जाणार नाही. नियम तो नियम. सदूला तर दिवसभर ड्यूटी. तेव्हा नानांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातला रेडिओच डब्याला जोडला, आणि अख्ख्या बाजारानं आकाशवाणीच्या बातम्या करवतीच्या आवाजात ऐकल्या. समोरची भाजीवाली मावशी रस्ता ओलांडून आली. "त्या बातम्यावाल्या बाबाला आज रजा द्या म्हनावं," ती म्हणाली, "लय खोकलाय त्यो."

संध्याकाळी मी पोचलो तर दुकानात तीन गिऱ्हाइकं आपापले धडधाकट रेडिओ घेऊन बसली होती. साथ आपल्या घरी यायच्या आत तपासून घेऊ म्हणून.

*

आता डबा दुकानात उत्तम चालायचा. सदू औंढ्याला घरी नेऊन लावायचा तर घोगरं कण्हून गप्प. परत आणला की पुन्हा सुरू. असं तीनदा झालं. नानांनी वायरी बदलल्या. सदूनं डब्याची दृष्ट काढली.

मला कारण ठाऊक होतं. डबा दुकानात कायम नानांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर ठेवलेला असायचा, आणि तो रेडिओ तव्यासारखा तापायचा. असले ट्रान्झिस्टर थंडीत आखडतात. प्रबंधात त्याचे आलेखच होते. पण मागच्या वेळी मला खात्री होती तेव्हा वास आला होता. म्हणून मी दोन दिवस गप्प बसलो.

पंचवीस तारखेला धीर करून डबा उचलला आणि पाण्याच्या माठावर ठेवला. थोड्या वेळानं तो मुका झाला. पुन्हा रेडिओवर ठेवला. बोलू लागला.

"हे आधी का नाही बोललात?" नानांनी विचारलं.

"खात्री नव्हती."

पुढे कितीतरी दिवस नाना दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "हे आमचे डॉक्टर. डब्याची थंडी यांनी ओळखली." पदवीदान समारंभात मला इतकं ताठ बसता आलं नव्हतं.

थंडीसाठी रेझिस्टर बदलून आवाज नव्यानं लावता आला असता. पण मग डबा पुन्हा दिवसभर बोलायला हवा होता, आणि नाना नियम मोडायला तयार नव्हते. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी होता.

*

सव्वीस जानेवारीच्या सकाळी मैदानावर धुकं इतकं की झेंडा वर गेला तो दिसेनासाच झाला. स्टेज सिमेंटचं, बर्फासारखं गार. पुण्याचे मालक मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत. सदूची पाळी तासाभरानं होती. त्यानं डबा लावून पाहिला आणि आमच्याकडे पाहिलं. डबा मुका.

"ऊब पाहिजे त्याला," मी म्हणालो. या वेळी लगेच म्हणालो. नाना निखारे कुठे मिळतील का ते बघायला उठले.

शेजारी सदूचे वडील बसले होते, आबा. पोराचं वाजवणं ऐकायला ते आयुष्यात पहिल्यांदा आले होते, तेही सदूच्या आईनं पाठवलं म्हणून. गिटारला ते घरात 'ती आरडनारी' म्हणत. त्यांनी हात पुढे केला. "आना हिकडं."

डबा त्यांनी बंडीच्या आत पोटाशी धरला आणि वरून घोंगडी ओढून घेतली. गारठ्यात शेळीचं नवं करडू घेतात तसा. तासभर ते हलले नाहीत. गाण्यामागून गाणी झाली, लोक टाळ्या वाजवत होते. आबांचे हात रिकामे नव्हते.

सदूचं नाव पुकारल्यावर ते स्वतः स्टेजपाशी गेले आणि डबा पोराच्या पायाशी ठेवून आले. सदूनं बटण दाबलं. तो आवाज मैदानभर असा फाटत गेला की पुण्याचे मालक मफलर सोडून उभे राहिले.

कार्यक्रम संपल्यावर ते सरळ आमच्याकडे आले. रविवारपासून पुण्याला ये, असं त्यांनी सदूला सांगितलं. मग वडीलधारे म्हणून आबांना नमस्कार करून विचारलं, पोराला नेऊ ना?

आबांनी तोवर डबा पुन्हा बंडीत घातला होता.

"पोराला न्या की," आबा म्हणाले. "पन ह्याला थंडी सोसत न्हाई. ह्याच्यासंगं मी बी येतो."