दाजींच्या पसंतीचा मॉनिटर

पहिल्या फटक्यात वस्तू पसंत करून घरी घेऊन येणारी माणसं जगात असतात, यावर आमच्या दाजींचा कधीच विश्वास बसला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते कलिंगड घ्यायला उभे राहिले, की गाडीवाला आधी आशेनं, मग कुतूहलानं आणि शेवटी हात जोडून त्यांच्याकडे बघायचा. चप्पल घ्यायची झाली तर दुकानातल्या दुकानात फेऱ्या मारायचे, बसायचे, उठून पुन्हा चालायचे आणि "डावी जरा वाजती" म्हणून आपली जुनीच झिजकी पायांत घालून परत यायचे. ताईला बघायला आले तेव्हा दिवेलागण झाली होती. पोहे खाऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी मध्यस्थाकडून निरोप आला, की बल्बाच्या उजेडात मुलगी नीट दिसली नाही, रविवारी दिवसा येतो. आमचे वडील असे भडकले म्हणून सांगू! "म्हैस घ्यायला आलाय का काय ह्यो?" ताई आतून म्हणाली, "येऊ द्या की. मला तरी कुठं त्यो नीट दिसलाय." दाजी आले, पुन्हा पोहे खाल्ले आणि हो म्हणाले. आपल्या नवऱ्यानं जन्मात इतक्या झटकन काही ठरवलं नाही, असं ताई पुढं कौतुकानं सांगायची.

राहुरीच्या स्टँडजवळ दाजींचा चिंचोळा गाळा होता. आधी ते पाट्या रंगवायचे. नव्वदनंतर गावात कंप्युटर यायला लागले, तेव्हा ब्रश बाजूला ठेवून त्यांनी एक जुना कंप्युटर आणला आणि पत्रिका करायला लागले. लग्नाच्या करायचेच, पण नाव झालं ते दशक्रियेच्या पत्रिकांनी. त्या वेळी कित्येक म्हाताऱ्यांचा एकट्याचा म्हणून फोटोच नसायचा. माणूस गेला, की पोरं कुठल्या तरी लग्नातला पंगतीचा फोटो घेऊन यायची आणि त्यातल्या कोपऱ्यातल्या तोंडावर बोट ठेवायची. दाजी ते तोंड तिथून उचलायचे, गालातला घास काढून टाकायचे, मिशा सारख्या करायचे आणि डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी चढवायचे. हयातीत कधी अंघोळीला नीट बसला नसेल असा माणूस दाजींच्या हाताखालून गेला, की पुढारी दिसायचा. एकदा मी म्हटलं, "दाजी, इतकं कशाला? दहा दिवसांनी कागद रद्दीतच जायचा." ते म्हणाले, "पाव्हणं, लग्नाची पत्रिका चुकली तर लोक येऊन भांडत्यात. हा बिचारा भांडायला येनार न्हाई. त्याच्या वाटचं आपुनच बघाया पायजे."

मग ताईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नगरला न्यायचं, यंत्राला जोडायचं आणि संध्याकाळी पिळून काढलेल्या फडक्यासारखी परत आणायची. मूलबाळ नव्हतं, घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून दाजी तिला गाळ्यात खुर्ची टाकून बसवायचे. गिऱ्हाईक नसलं की ती कंप्युटरवर मोटारीची शर्यत खेळायची. जन्मात साधी सायकल चालवली नव्हती, पण घाटात गाडी अशी दामटायची, की दाजी डोळे मिटून घ्यायचे. दर वळणाला गाडी दरीत. "अवो, ह्या गाडीला ब्रेक हाय का न्हाई?" असं विचारून ती पुन्हा सुरू करायची. तेवढा वेळ तिला आजार आठवत नसे. पण तो जुना मॉनिटर होता धान्याच्या कोठीएवढा, वर त्याचा पडदा सारखा लुकलुकायचा. थोडं खेळलं, की ताईला गरगरायचं आणि ओकारी व्हायची.

दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनी दाजींना बाजूला घेऊन सांगितलं, की दिवाळी निघेल, पुढचं काही सांगवत नाही. ते दाजींनी फक्त मला सांगितलं. दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. ते म्हणाले, "आता मॉनिटर घ्यावा लागंल." मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. मग म्हणाले, "ती आता गाळ्यात यायची न्हाई. कंप्युटर घरी न्यायचा. तिच्या खाटंजवळच्या स्टुलावर मावंल असा लहान पडदा पायजे, पन त्याच्यावरचं टिपकं बारीक पायजेत, म्हंजी मला पत्रिकांची तोंडं करता येतील. आन् लुकलुकाया नको. ती खेळंल, मी काम करीन. हातपाय चालत्यात तवर तरी खेळू दे तिला." मी मान फिरवली.

पण घेणारे दाजी! नगरला ताईला घेऊन जायचं आणि तिथून सुटलं, की तिला रिक्षात घालून दुकानं हिंडायची. खिशात फुटाण्यांची पुडी. पडद्याकडे तिरकं तोंड करून ते कडाकडा फुटाणे चावायचे. म्हणे जबडा हलला, की लुकलुक लगेच दिसते. मग पडद्यासमोर पंजा हलवून बघायचे. दुकानदाराला वाटायचं, हा माणूस नजर उतरवतोय. आणि रंगाच्या परीक्षेला फ्लॉपीवर ताईचाच फोटो. तिचा रंग त्यांना पाठ होता ना! एका दुकानात त्यांनी तो पडद्यावर लावला आणि दशक्रियेच्या पत्रिकांच्या सवयीनं म्हणाले, "कपाळ पिवळं दिसतंय, अशा न्हवत्या त्या." दुकानदारानं फोटोकडे बघितलं, दाजींच्या वाढलेल्या दाढीकडे बघितलं आणि आवाज उतरवून विचारलं, "कधी वारल्या?" मागं स्टुलावर बसलेली ताई म्हणाली, "आजून टायम हाय, भाऊ. आदी मॉनिटर तर ठरू द्या." आणि अशी हसली, की तिला खोकला आला. दुकानदारानं बिचाऱ्यानं घाईघाईनं चहा मागवला. दाजी हसले नाहीत.

शेवटी एक ठरला. छोटा, सुबक, अक्षरं सुईनं टोचल्यासारखी. घरी आणून खाटेजवळ मांडला आणि चालू केला, तर एका कोपऱ्यात हिरवट-जांभळा डाग. ताईच्या फोटोतला एक गालच काळानिळा दिसायला लागला. दाजी पेटले. जीपनं मॉनिटर परत नगरला नेला. तिथं लावला तर रंग लख्ख. घरी आणला, पुन्हा डाग. पुन्हा नगर. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, राहू दे डाग, खेळ तू. पण दाजींना ताईपुढं डागी वस्तू ठेवायची नव्हती. मी सांगून बघितलं, ताईनं सांगून बघितलं, ते आपले चालूच. ह्या ये-जा करण्यात दिवाळी येऊन गेली आणि ताईला उठून बसवेना. अखेर दुकानदारच कंटाळून राहुरीला आला. त्यानं मॉनिटर उघडूनही बघितला नाही. शेजारी टेपरेकॉर्डरचा भला मोठा स्पीकर होता, तो त्यानं पायानं लांब सरकवला, मॉनिटर बंद करून चालू केला आणि डाग गेला. स्पीकरातल्या चुंबकाचा गुण. ताईला गाणी नीट ऐकू यावीत म्हणून दाजींनीच तो तिथं ठेवला होता.

दाजी परसात निघून गेले. ताईनं मला खूण केली, म्हणून मी मागं गेलो. ते पाण्याच्या टाकीला धरून उभे होते. "महिना घालवला मी तिचा," एवढंच म्हणाले. आतून ताईची हाक आली, "अवो, गाडी लावून द्या की!" दाजींनी तोंड धुतलं आणि आत आले.

त्यानंतर जेमतेम आठवडाभर ती खेळली. तिला उशांना टेकवून ठेवायचं, कीबोर्ड पोटावर, बोटं सुजलेली. डाव्या-उजव्या बटणांपलीकडे हात जात नसे. वळण आलं, की दाजी शेजारून बटण दाबून वेग कमी करायचे. त्या आठवड्यात ताईची गाडी पहिल्यांदा घाट उतरून खाली पोचली. ती नुसती दाजींकडे बघत राहिली. पुढच्या सोमवारी ती गेली.

गाळा बंद होता. ताईच्या दशक्रियेची पत्रिका करा, असं दाजींना सांगायची कुणाची छाती होईना, म्हणून ती मी नगरला दुसरीकडे करून आणली. गाल गुलाबी केलेले, नाक बसकं, कुंकू एका बाजूला सरकलेलं, जन्मगावाच्या नावात चूक. रस्ताभर मी मनाशी उत्तरं जुळवत होतो, कारण दाजी काय काय बोलणार ते मला माहीत होतं. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला.

"बरी हाय," ते म्हणाले. "वाटून टाका."

मी तिथंच उभा राहिलो. मला वाटत होतं, त्यांनी चिडावं, कागद माझ्या अंगावर फेकावा, हे कसलं तोंड म्हणून भांडावं. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "दाजी, परत करून आणू का?" त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि कागदाची घडी करून माझ्या हातात परत दिली.