घरातून गेलेलं जहाज

आमच्या सर्वण गावातल्या घराची वाटणी एका शनिवारी दुपारी मी केली. (तोवर घरात तो विषय कोणी काढलासुद्धा नव्हता.)

मी गावातल्या प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवते. अंदाज आणि मोजमाप शिकवायचं होतं, आणि त्याच सुमारास पणजीच्या धक्क्यावर जुन्या बांधणीचं एक शिडाचं जहाज येऊन थांबलं होतं. आम्ही मुलांना बसने नेऊन दाखवलं. आधी प्रत्येकाने लांबीचा अंदाज सांगितला. 'आमच्या गोठ्याएवढं'पासून 'वाळपईपर्यंत' सगळं आलं. मग मी काथ्याची दोरी धरून जहाजाच्या नाकापासून शेपटीपर्यंत चालले आणि तिथे गाठ मारली. अख्खं जहाज पिशवीत घालून घरी चालले होते मी. काय अभिमान वाटला होता!

शनिवारी शाळेत दोरी सोडली तर पटांगण निम्म्या दोरीतच संपलं.

"बाई, तुमचां आंगण व्हड आसा," वर्गातला साईश म्हणाला. निघाली वरात आमच्या घरी.

आमचं अंगणही संपलं. रस्त्याकडच्या फाटकापासून निघालेली दोरी सोप्याच्या पायरीला टेकली, तरी माझ्या हातात वेटोळं उरलंच होतं. मी म्हटलं, "चला, इथून वळवू या."

"बाई, जहाज मदींच वाकता?" साईशने विचारलं.

(डी.एड.ला हे कोणी शिकवलं नव्हतं.) मग दोरी सरळच गेली. सोपा, मधली खोली, स्वयंपाकघर, मागचं दार, आणि परसातल्या विहिरीशी थांबली. आमचे हे मासळीचं जेवून आडवे झाले होते, त्यांना उठवून दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून घेतल्या. मुलांना नीट दिसावं म्हणून अंगणात मी दोरीवरून चुन्याची रेघ ओढली. सासूबाई पायरीवर बसून हे सगळं बघत होत्या.

आता आमच्या गावात खुंटी, दोरी आणि चुना एकत्र दिसले की त्याचा एकच अर्थ होतो. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकून शेजारच्या सुलभाकाकी उंडे घ्यायला बाहेर आल्या, त्यांनी तो अर्थ लावला आणि उंडे न घेताच आत जाऊन माझ्या धाकट्या दिरांना फोन केला. "दादान दोरी मारल्या. घराचे दोन कुडके जाले."

विश्वासभावोजी वाळपईला सरकारी कचेरीत. बिऱ्हाडही तिथेच. आधी दर शनिवारी यायचे, मग महिन्याने, आणि अलीकडे फक्त गणपतीच्या चवथीला. सासूबाई शनिवारी त्यांच्या नावाचं इसवणाचं, म्हणजे सुरमईचं, काप झाकून ठेवायच्या आणि रात्री ते माझ्या पानात वाढायच्या. ते काप मला कधी गोड लागलं नाही.

तासाभरात स्कूटर फाटकात उभी! भावोजी उतरले ते हेल्मेट न काढताच.

"दादा, वाटणी करपाची आसली तर माका सांगपाक जाय आसलां."

"कसली वाटणी?" हे म्हणाले. पण हातात हातोडा होता, त्यामुळे ते काही पटण्यासारखं वाटलं नाही.

"आनी चवथीचो गणपती खंय बसतलो? हांगा काय थंय?" भावोजींनी रेघेच्या दोन्ही बाजू दाखवल्या. ते ऐकून सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मी घाईघाईने पुढे झाले. "भावोजी, ही वाटणी नव्हे. हें जहाज."

"वयनी, तूं तरी माका फटवू नको."

एका धड्यापायी सख्खे भाऊ तुटायची वेळ आणली होती मी. तेवढ्यात वर्गातल्या वैष्णवीने भावोजींची बाही ओढली. "काका, मातशे कुशीक सरात. तुमी डोलकाठयेर उबे आसात."

भावोजी बाजूला सरकले. (खरंच सरकले.) मग त्यांनी हेल्मेट काढलं, दोरीकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं.

"अंदाज करा, काका. कितलीं पावलां?" साईशने परीक्षा सुरू केली.

भावोजींनी अंदाज सांगितला आणि तो तपासायला पावलं टाकत निघाले. मागे सासूबाई, त्यांच्या मागे माझा वर्ग. चवथीनंतर भावोजी पहिल्यांदाच स्वयंपाकघरात आले होते. सासूबाईंनी पुढे होऊन झाकण काढलं, आणि भावोजींनी ते काप तिथेच, जहाजाच्या मधोमध उभं राहून खाल्लं. पावलांचा हिशेब अर्थात चुकला. रात्री ते राहिले, आणि दोघे भाऊ सोप्यावर बोलत बसले. इतकं बरं मला घरात फार दिवसांत वाटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी सासूबाई सकाळीच माझ्यापाशी आल्या. "आज भुरग्यांक हाडना गो?"

"नाही आई, मुलांची लांबी संपली. आता वजनं शिकवायची."

त्या जरा घुटमळल्या. "वजनां मागीर शिकय. आज परत दोरी घाल. आनी चुनो मातसो चड घाल, सुलभाक दिसपाक जाय."

ती मुलं आता हायस्कुलात आहेत आणि लांबीला कोणाला हार जात नाहीत. वजनं मात्र त्या वर्षी शिकवायची राहिली ती राहिलीच. तिसरीच्या बाई अजून मला त्यावरून ऐकवतात.