सहाशे तेरावी फाइल

सुरुवातीलाच सांगतो, मला अशा गोष्टींचं वावडं आहे. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभवही मी जेवताना, करमणूक म्हणून वाचतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो; आवाज आला म्हणजे कुठून तरी करंट आला, एवढाच माझा धर्म... त्यामुळे हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय.

आम्ही तीन भावंडं. थोरला दादा मंद्रूपला, शकूताई होटगीला दिलेली, आणि धाकटा मी जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये. दादा म्हणजे चालताबोलता फ्लेक्स. आईच्या वर्षश्राद्धाच्या बॅनरवर आईचा फोटो पासपोर्टएवढा होता आणि दादाचा कमरेपर्यंत, गॉगलसह. ताईनं शेताच्या हक्कसोडपत्रावर सही केली नाही म्हणून आईच्या शेवटच्या आजारात त्यानं तिला उंबरा ओलांडू दिला नाही. मीही पुरेसा भांडलो नाही... असो.

त्याच आजारपणात मी आईच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. चार मिनिटं. मध्येच कुकरची शिट्टी, आणि माझा आवाज — "आई, थांब जरा, गॅस बंद करतो." तो फोन पुढं होटगी स्टेशनवर रुळांत पडला आणि संपला. त्याआधी फाइल मी दादाच्या भजनांच्या पेनड्राइव्हवर टाकली होती, म्हणून वाचली. आईचा आवाज जगात तेवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.

ताईनं दादाला फोन केला. "एकदा ऐकव दादा. म्हनशील तितं सही करते."

एका दुपारी दादा माझ्याकडं आला. एका खिशात कागद, दुसऱ्यात पेनड्राइव्ह. ताई आधीच येऊन बसली होती.

"कॉम्प्युटरला लावायचा न्हाय. व्हायरस येतो," दादानं बजावलं.

मग माझा जुना स्पीकरचा डबा काढला. त्यात गाण्यांची यादी ठेवायची सोयच नाही. नाव दिसत नाही, शोधता येत नाही, नुसता आकडा दिसतो. फाइली ज्या क्रमानं भरल्या त्याच क्रमानं वाजतात. मला फिकीर नव्हती. आईची फाइल मी सगळ्यात शेवटी भरली होती — सहाशे तेरावी. पहिल्या गाण्यावर असताना मागचं बटण दाबलं की डबा थेट शेवटच्यावर जातो.

पेनड्राइव्ह लावला. एकूण फाइलींचा आकडा आला : ६१२.

तरी मागचं बटण दाबलं. टाळ वाजले... कुणा बुवांचं भजन. यादी नसलेल्या यंत्राचं हेच असतं. एखादी फाइल पुसली तरी रिकामी जागासुद्धा मागं राहत नाही.

"पुसलीस तू," मी म्हणालो.

"मशीन तुजं भंगार. माज्यावर कशाला ढकलतो?" दादा पंख्याकडं बघत म्हणाला. मग एकदम उसळला, "आन् पुसली असंल तर? चार मिनिटं नुसतं शकू, शकू! माजं नाव एकदा तरी घेतलं का तिनं? औषधपाणी कुणी केलं? शकूनं?"

"मला येऊ दिलं असतंस तर केलं असतं की," ताई म्हणाली.

"लई झालं. सही कर." आणि त्यानं पेनड्राइव्ह ओढून काढला.

पेनड्राइव्ह काढला की तो डबा गप्प होतो. विकत घेतल्यापासून एकदाही चुकलेला नाही. त्या दुपारी त्यावर ६१३ उमटलं... आणि आई गायला लागली.

शकूचं नाव. खोकला. पुन्हा शकू. दादानं मूठ उघडून पाहिलं — पेनड्राइव्ह तिथंच होता.

"बंद कर ते! बंद कर म्हनतो न्हवं!" तो डब्याकडं झेपावला.

"हात लावू नको, दादा." ताईचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. बहुधा त्यानंही नाही, कारण तो थांबला.

कुकरची शिट्टी झाली. "आई, थांब जरा, गॅस बंद करतो," मीच डब्यातून म्हणालो. मग उरलेली ओवी. मग आकडा विझला.

दादा चपला अर्धवट घालूनच जिना उतरला. कागद टेबलावर राहिला. ताईनं पेनाचं टोपण लावलं. "ऐकलं मी," ती म्हणाली. "आता सही कशाला करू?"

डबा मी तीनदा उघडलाय. त्याच्या मेमरीत फार तर काही सेकंदांचं गाणं मावतं, चार मिनिटांचं नाही. पुसलेली फाइल कधी कधी परत मिळते, म्हणून पेनड्राइव्ह मागितला. दादा देत नाही. तो मंद्रूपभर सांगत फिरतो की मी ब्लूटूथनं माझ्या फोनवरून वाजवलं. त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो... डब्याला ब्लूटूथ आहेही.

अडचण एवढीच, की तसं असतं तर ती फाइल आज माझ्याकडं असती.