रोहिणीशेजारचा मंगळ

"सायेब, इहीर तुमच्या हद्दीत गेली तर आमी पानी कुठनं आनायचं?" धोंडिबा मला विचारत होता. शेत त्याचं, विहीर त्याची. खुंट्या मी ठोकल्या होत्या, पण रेषा माझ्या वरिष्ठ साहेबांनी दिलेली. 

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या माळावर नव्या कारखान्याची हद्द आखायची होती. मी सर्व्हेअर. बायको-मुलं राजापूरला, मी तंबूत. दिवस मावळला की मजूर घरी जायचे आणि मला एकटेपणा अक्षरशः खायला उठायचा. दुसरं काही नाही म्हणून मी आकाश बघत बसायचो.

हद्दीची रेषा उत्तर दिशेवरून आखतात आणि खरी उत्तर दिशा ताऱ्यांवरून काढतात. ध्रुव आपल्याकडे खाली असतो. तो नेमका आमराईआड गेलेला. म्हणून साहेबांनी थिओडोलाइटमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीत, पश्चिमेची लालसर रोहिणी धरली होती.

धोंडिबा भेटला त्या संध्याकाळी मी म्हणालो, "साहेब, तिथे लाल ठिपके दोन आहेत. तुम्ही धरलात तो मंगळ असावा."

"कशावरून?"

"मागच्या महिन्यात तो कृत्तिकांच्या पुंजक्यापाशी होता. रोज बघतोय ना."

साहेब चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "कदम, मग दाखवाच मला."

पूर्वीच्या लोकांकडे कुठली आली दुर्बीण? ते शेजार बघायचे. तारे आपला शेजार सोडत नाहीत. रोज थोडं सरकून जो दुसऱ्याच्या दारात जातो, तो ग्रह. पण हे एका संध्याकाळी कळत नाही. साहेब माळावरच राहिले. माझ्या पिठल्याला नावं ठेवत दोनदा वाढून घ्यायचे, मुलीच्या गमती सांगायचे. मी किती दिवसांनी हसलो!

शेवटी तो ठिपका रोहिणीला मागे टाकून स्पष्ट पुढे गेला.

"मंगळच की हो, कदम!"

मग खरी रोहिणी धरली. उत्तर दिशा दुरुस्त झाली तशी रेषा फिरली, विहीर हद्दीबाहेर राहिली. धोंडिबा कळशी घेऊन आला. "घ्या सायेब, आमच्या इहिरीचं हाय."

दुपारी साहेबांची जीप पुण्याला गेली. संध्याकाळी मी सवयीने दोन कप चहा टाकला.

ग्रह ओळखायला चार-सहा संध्याकाळी पुरतात. सोबत मिळाली असेल, तर खात्री पटल्यावरही आणखी एक संध्याकाळ मागून घ्यावी.