‘रोजची’ म्हणून न सांगितलेली गोळी

मित्रहो, वाचनालयाच्या या फळ्यावर आज वादाचा विषय नव्हे, माझी भीती मांडतो आहे.

पत्नीच्या नागिणीवर नागपूरहून विषाणूरोधक गोळ्या आणल्या. “दुसरे औषध चालू आहे?” असे तेथे विचारले असता मी ठामपणे “नाही” म्हटले.

आज दुपारी घरात बसल्या बसल्या तिने मला, स्वतःच्या नवऱ्याला, परका समजून विचारले, “भाऊ, सौंसरची मोटर केव्हा हाय जी?”

पांढुर्ण्याचे डॉक्टर धावत आले. “गुरुजी, बाई युरिक ॲसिडची गोळीबी घेऊन राहिल्या न! तिच्यानं नवं औषध लघवीवाटे निघत नाही, रक्तात साचते.”

“पण ती तर रोजचीच आहे!”

“रोजची म्हणून काय चाय समजता तिले?”

दोन्ही गोळ्या थांबवल्या आहेत. तिने अजून मला ओळखलेले नाही.

तुमच्या घरातील कोणती गोळी तुम्ही औषधांत धरत नाही?