मुकं केलेलं मैदान

मंगळवार पेठेतल्या राजवर्धनला जगात स्वतःखेरीज कुणाला अक्कल आहे असं वाटतच नसे. कुस्तीची मैदानं शूट करायची आणि मोबाइलवर बघता येतील अशा फायली बनवायच्या, हा त्याचा धंदा. माउसनं बटणं दाबणारे इतर स्टुडिओवाले त्याच्या लेखी अडाणी. हा काळ्या स्क्रीनवर हुकूम टाइप करायचा.

पण फायली बनवणाऱ्या त्या प्रोग्रॅमचं तोंड भारी. एक फाइल मागितली की आधी स्वतःची कुळकथा, मग आकड्यांच्या ओळींमागून ओळी, आणि कामाचं वाक्य कुठंतरी मध्येच गाडलेलं. लिहिणारे मोठे इंजिनिअर असतील, पण माणसाला काय हवंय एवढं कळायला डिग्री लागत नाही, असं तो तुच्छतेनं म्हणायचा. शेवटी त्यानं हुकमातच 'गप्प राहा' घालून टाकलं.

हातकणंगल्याच्या मैदानात निवेदनाला गुंडूतात्या होते. कॅमेऱ्यात एक माइक हलगीचा, दुसरा तात्यांचा, दोन्ही आवाज वेगवेगळे भरलेले. वेगळं सांगितलं नाही तर तो प्रोग्रॅम त्यातला एकच उचलतो. या वेळी प्रोग्रॅमनं हलगी उचलली. राजवर्धननं सुरुवात ऐकली, छान म्हटलं आणि रिवाजाप्रमाणे पुढच्या मैदानासाठी कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं. कमिटीवाल्यांनी वर सिनेमाची गाणी चढवून व्हिडिओ फिरवला. त्या कानांना काय कळणार?

ते तात्यांचं शेवटचं मैदान ठरलं. ते गेल्यावर त्यांची बायको, आक्का, स्टुडिओत आली. तिला फक्त त्यांचा आवाज हवा होता. राजवर्धननं ऐटीत फाइल लावली. तात्यांचं तोंड हलत होतं आणि हलगी कडाडत होती.

तात्यांचा आवाज पुसलेल्या कार्डाबरोबरच गेला होता. आक्काला कसंबसं वाटेला लावून त्यानं दुसऱ्या मैदानाचं कार्ड घातलं, प्रोग्रॅमचं तोंड मोकळं केलं आणि सगळ्या ओळी वाचल्या. होतं की लिहिलेलं! आवाज दोन, घेतला एक. पण ते असं, की जणू भाजीत मीठ घातल्याची नोंद. एक आवाज राहून जातोय, सांभाळ, असं कुठंच नाही. त्यानं त्या इंजिनिअरांना मनसोक्त शिव्या घातल्या. लाज गिळण्यापेक्षा ते सोपं होतं.

मग त्यानं त्या प्रोग्रॅमवर बसवायला स्वतःच एक चाळणी लिहिली. ती कुळकथा फेकून द्यायची आणि आधी मराठीत विचारायची: आवाज दोन आहेत, हा राहून जातोय, चालेल का? उत्तराशिवाय पुढं सरकायची नाही. आणि ती दाखवायला या शहाण्यानं आक्कालाच बोलावलं.

आक्कानं शांतपणे बघितलं. म्हणाली, "मशीन बडबडत हुतं, तवा तुमी त्येचं तोंड दाबलंसा. आता विचारतंय व्हय? मला काय त्येचं?"

राजवर्धननं चाळणी बंद केली.

"ती हलगीची फाइल द्या हिकडं," ती म्हणाली. "जलमभर ऐकलंय मी त्यास्नी. व्हट बघून कळतंय मला."